यूकॅसचं पर्सनल स्टेटमेंट: तीन प्रश्नांची उत्तरं कशी लिहायची

बारावीनंतर ब्रिटनमध्ये पदवीला जायचं असेल, तर जवळपास सगळ्या विद्यापीठांचे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात. त्या अर्जात गुण भरायचे असतात, शिक्षकांची शिफारस लागते, आणि एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यानं स्वतःच लिहायची असते: पर्सनल स्टेटमेंट. मुलं नेमकी इथेच अडतात. बोर्डाच्या अभ्यासात स्वतःच्या शिकण्याबद्दल चार ओळी मनापासून लिहायची वेळ फारशी येत नाही, आणि एकदम परदेशातल्या प्राध्यापकासाठी लिहायला बसावं लागतं. मग एजंटकडून किंवा गेल्या वर्षी गेलेल्या एखाद्या ताईकडून नमुना मागवला जातो आणि त्यातली नावं-गावं बदलून काम भागवलं जातं. असे बरेच मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. समोर बसून बोलायला लागला की मुलगा विषयाबद्दल भरभरून बोलतो, आणि कागदावर त्यातलं अक्षरही नसतं. ते बोलणं कागदावर कसं आणायचं, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

आधी नियम नीट वाचा

पूर्वी हे स्टेटमेंट म्हणजे एक सलग निबंध असायचा. 2026 च्या प्रवेशापासून यूकॅसनं त्याचे तीन प्रश्न केले आहेत. पहिला: हा अभ्यासक्रम किंवा विषय तुम्हाला का शिकायचा आहे? दुसरा: आतापर्यंतच्या शिक्षणानं तुमची त्यासाठी कशी तयारी झाली? तिसरा: शाळा-कॉलेजबाहेर तुम्ही तयारी म्हणून आणखी काय केलंत, आणि त्याचा उपयोग काय? तिन्ही उत्तरं मिळून 4000 कॅरेक्टर (म्हणजे अक्षरं आणि चिन्हं), तेही स्पेस धरून. प्रत्येक उत्तर किमान 350 कॅरेक्टरचं हवं. इंग्रजीत 4000 कॅरेक्टर म्हणजे साधारण सहाशे ते साडेसहाशे शब्द. तीन प्रश्नांत ही जागा कशी वाटायची ते तुमच्यावर आहे.

इंटरनेटवर सापडणारे बहुतेक नमुने जुन्या सलग निबंधाचे आहेत. त्यांची छान सुरुवात आणि झोकदार समारोप नव्या रचनेत कुठेच बसत नाही. प्रश्न विचारला आहे, पहिल्या वाक्यापासून उत्तर द्या.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. तुम्ही पाच जागी अर्ज करू शकता (वैद्यकीय, दंतवैद्यक किंवा पशुवैद्यक असेल तर त्यातल्या चारच), पण स्टेटमेंट पाचही ठिकाणी तेच जातं. म्हणून त्यात कुठल्याही एका विद्यापीठाचं नाव नको. आणि म्हणूनच पाचही अभ्यासक्रम एका कुळातले हवेत. दोन ठिकाणी अर्थशास्त्र, दोन ठिकाणी कम्प्युटर सायन्स आणि एक ‘असू दे’ म्हणून मॅनेजमेंट, अशी निवड असेल तर जगातला कुणीही तुम्हाला चांगलं स्टेटमेंट लिहून देऊ शकणार नाही. लिहायला बसण्याआधी विषय पक्का करा. ते होत नसेल, तर अडचण लिखाणाची नाही, निवडीची आहे, आणि ती घरात बोलूनच सुटेल.

अमेरिकेच्या अर्जातला निबंध आणि हे स्टेटमेंट यांत गल्लत करू नका. तिकडच्या अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक अर्जातला, म्हणजे कॉमन अ‍ॅपमधला 650 शब्दांचा निबंध माणूस म्हणून तुम्ही कोण आहात हे विचारतो. तिथे आजीवर लिहिता येतं, भीतीवर लिहिता येतं. ब्रिटनमधला वाचक मुख्यतः एकच गोष्ट शोधत असतो: हा विद्यार्थी तीन-चार वर्षं हा एक विषय आवडीनं शिकेल का आणि त्याला तो झेपेल का. एकाच वर्षी दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी दोन वेगळे मसुदे लिहावेत. एकातून दुसरा कापून काढायला गेलं की दोन्ही बिघडतात.

पहिले दोन आठवडे फक्त वही

लॅपटॉप उघडू नका. एक वही घ्या आणि ज्या भाषेत विचार सुचतात त्या भाषेत लिहा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, पण इंग्रजी माध्यमातल्यांनाही ते लागू आहे. थेट इंग्रजीत लिहायला गेलं की ऐकलेली, छापील वाक्यं आपोआप उमटतात: मला आवड आहे, मी मेहनती आहे, मला आव्हानं स्वीकारायला आवडतात. मराठीत तुम्ही मित्राला असं कधी म्हणाल का?

वहीत काय लिहायचं? या विषयातली कोणती गोष्ट तुम्ही कुणीही न सांगता वाचलीत. कुठल्या धड्यापाशी ‘असं का?’ म्हणून अडलात आणि उत्तर शोधायला कुठे गेलात. शिक्षकांशी कशावरून वाद झाला. कुठला प्रयोग फसला आणि का फसला असावा. व्याख्यान, यूट्यूबवरची मालिका, एनपीटीईएलवरचा एखादा मोफत कोर्स, घरातल्या धंद्यातली एखादी गोष्ट, काहीही चालेल, पण प्रत्येकासमोर दोन ओळी हव्यातच: मला काय दिसलं, आणि त्यावरून पुढचा प्रश्न कोणता पडला. हा दुसरा भाग रिकामा राहिला तर ती नोंद स्टेटमेंटमध्ये घ्यायची नाही, मग तिचं प्रमाणपत्र कितीही मोठं असो.

बरीच मुलं म्हणतात, ‘माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही.’ ते सहसा खरं नसतं. इंटिग्रेटेड कॉलेजात दिवसाचे दहा तास प्रश्न सोडवण्यात गेलेल्या मुलालाही एखादा प्रश्न असा आठवतो, ज्याचं उत्तर बरोबर आलं पण पटलं नाही. तिथून सुरुवात होते.

पहिला प्रश्न: विषय का?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण वाचकाचं मत इथेच बनतं.

समजा, सांगलीच्या पूर्वेला जत तालुक्यातली एक मुलगी आहे. तिला भूविज्ञान शिकायचं आहे. तिचा पहिला मसुदा बहुधा असा येतो:

‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे. आपली पृथ्वी हा एक अद्भुत ग्रह आहे. माझ्या भागातली भीषण पाणीटंचाई पाहून मी भूविज्ञान शिकण्याचा निर्धार केला. या क्षेत्रात नाव कमावून देशाची सेवा करण्याचं माझं स्वप्न आहे.’

यात खोटं काहीच नाही. पण या चार वाक्यांतलं काहीही न बदलता हजार मुलं हेच लिहू शकतात. वाचणाऱ्याला हिच्याबद्दल एकच गोष्ट कळली, ती म्हणजे तिच्या भागात पाणी कमी आहे. मग तिच्याशी बोलायचं. पाणी कमी म्हणजे नक्की काय पाहिलंस? विहीर आटते? कधी? सगळ्यांचीच आटते? बोलता बोलता असं काहीतरी निघतं:

‘आमच्या शेतातली विहीर मार्चमध्ये आटते. बांधापलीकडच्या विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी असतं. खोली दोन्हींची जवळपास सारखीच. उन्हाळ्यात दोन्ही विहिरींच्या भिंती पाहिल्या तेव्हा फरक कळला. त्यांच्याकडे मुरमाचा थर जाड आहे, आमच्याकडे थोडं खाली गेलं की अखंड काळा पाषाण लागतो. बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, हे नंतर वाचलं. पण पाषाणातल्या भेगा जमिनीवरून ओळखायच्या कशा? त्याचा शोध घेताना जमिनीचा विद्युतरोध मोजण्याच्या पद्धतीबद्दल वाचलं, आणि बारावीच्या भौतिकशास्त्रातलं ओहमचं सूत्र असंही वापरतात हे पहिल्यांदा समजलं.’

या परिच्छेदात ‘आवड’ हा शब्दही नाही, तरी आवड दिसते. ही मुलगी निरीक्षण करते, दोन गोष्टींची तुलना करते, कारण शोधते आणि वर्गातलं ज्ञान बाहेर जोडते, हे सगळं वाचकानं स्वतः ताडलं. तिला सांगावं लागलं नाही. देशसेवेचं स्वप्नही तिनं सोडलेलं नाही. शेवटी एका वाक्यात ती म्हणू शकते की दख्खनच्या पठारावरचं भूजल हा विषय तिला पुढे अभ्यासायचा आहे. आता त्या वाक्याला वजन आलं.

प्रत्येकाच्या शेतात विहीर नसते, पण हीच पद्धत कुठल्याही विषयाला चालते. इतिहासाला जाणाऱ्या मुलानं घरातल्या जुन्या दस्तांमधला एक कागद वाचता यावा म्हणून मोडी शिकायला घेतली असेल, तर त्या कागदात काय लिहिलं होतं आणि काय लिहिलेलं नव्हतं यावर लिहावं. वाणिज्य शाखेच्या मुलीनं वडिलांच्या किराणा दुकानातली उधारीची वही पाहिली असेल, तर कुणाला उधारी मिळते, कुणाला नाही आणि बँकेचा हिशेब त्यापेक्षा वेगळा का असतो, यावर अर्थशास्त्राचा प्राध्यापक नक्की थांबून वाचेल.

पुस्तकांचा उल्लेख करायचा तर एक किंवा दोन पुरेत, आणि त्यातल्या कुठल्या मुद्द्याशी तुम्ही सहमत झालात किंवा झाला नाहीत ते सांगा. पाच पुस्तकांची नावं सलग लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. न वाचलेल्या पुस्तकाचं नाव तर मुळीच नको.

दुसरा प्रश्न: शिक्षणानं काय तयारी झाली?

दहावीचे टक्के, अकरावीचे गुण, बारावीचे अपेक्षित गुण हे सगळं अर्जात वेगळ्या रकान्यांत असतं. ते इथे पुन्हा लिहायचं नाही. तुमच्या विषयांतलं नेमकं काय पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडेल, हे इथे हवं. ‘गणितामुळे माझी तार्किक क्षमता वाढली’ या वाक्यानं काही कळत नाही. ‘अवकलन शिकल्यावर रसायनशास्त्रातला अभिक्रियेचा वेग मला वेगळा दिसू लागला, आणि मी एका प्रयोगाचा आलेख त्या नजरेनं पुन्हा काढून पाहिला’ यानं बरंच कळतं.

आपल्या बोर्डाच्या मुलांची इथे एक खरी अडचण असते. ब्रिटनमधली ए लेव्हलची (तिकडच्या बारावीची) मुलं तीन-चारच विषय घेतात आणि ते खोलात शिकतात. आपल्याकडे विषय जास्त, आणि काही ठिकाणी प्रात्यक्षिकं फक्त वहीपुरती होतात. कॉलेजात प्रयोगशाळा नीट मिळाली नसेल तर ती मिळाली असं लिहू नका. जेईई किंवा नीटचा अभ्यास केला असेल तर त्याचा उल्लेख जरूर करा. त्यातून अवघड प्रश्न सलग तासन्‌तास हाताळायची सवय लागते आणि ती मोलाची आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण त्या परीक्षेत प्रश्न दुसऱ्यानं काढलेला असतो. ‘परीक्षेच्या पलीकडे मी हे केलं’ असं निदान एक उदाहरण हवंच.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, ऑलिम्पियाड, शिष्यवृत्ती परीक्षा यांचं वाचकाला नुसतं नाव सांगून उपयोग नाही. त्याला ती परीक्षा माहीतच नसते. अर्ध्या वाक्यात ती काय आहे ते सांगा, आणि उरलेल्या दीड वाक्यात तिच्यातल्या प्रकल्पात किंवा प्रश्नात तुम्ही काय केलंत ते.

तिसरा प्रश्न: बाहेर काय केलंत?

हा प्रश्न बहुतेकांनी लहान ठेवावा. छंदांची जंत्री कुणालाही नको आहे. नोकरी, घरातली जबाबदारी, स्वयंसेवा, स्पर्धा, खेळ, सगळं चालतं, फक्त प्रत्येक गोष्ट अभ्यासक्रमापर्यंत पोचली पाहिजे. आजारी आजोबांचं औषधपाणी वर्षभर सांभाळलेल्या मुलीनं ते ‘घरचंच तर आहे’ म्हणून वगळू नये. नर्सिंग किंवा वैद्यकीय शाखेसाठी ते चार दिवसांच्या दवाखाना-भेटीपेक्षा जास्त सांगून जातं. ढोलपथकात वाजवत असाल तर ते इंजिनिअरिंगच्या अर्जात आपोआप बसत नाही. पथकाच्या सरावाचं आणि माणसांचं नियोजन तुमच्याकडे असेल तर बसतं.

वैद्यकीयला जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न मात्र मोठा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे बसून काय पाहिलंत, हे लिहिताना डॉक्टरांनी कुठला आजार ओळखला यापेक्षा त्यांनी वाईट बातमी कशी सांगितली, रुग्णाला कळेल असं कसं बोलले, यावर भर द्या. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही नको.

आता इंग्रजी मसुदा

वहीतले चांगले मुद्दे निवडा, वही मिटा आणि इंग्रजीत नव्यानं लिहा. मराठी वाक्याचं वाक्याला भाषांतर करू नका. आपल्या शाळेत निबंध फुलवायला शिकवतात, सुविचारानं सुरुवात करायला शिकवतात. इथे तो संस्कार बाजूला ठेवा. छोटी वाक्यं, साधी क्रियापदं, आणि थोरामोठ्यांचं वचन नाही. विद्यापीठांना तुमचं म्हणणं ऐकायचं आहे.

वाचक महाराष्ट्रातला नाही हे धरून चाला. लाख-कोटी त्याला कळणार नाहीत, आकडे हजार आणि दशलक्षात द्या. एचएससी, एनएसएस, सीईटी अशी लघुरूपं पहिल्यांदा येतील तिथे दोन-तीन शब्दांत उलगडा. जत म्हणजे काय हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. ‘महाराष्ट्राच्या दक्षिणेकडचा कोरडा तालुका’ एवढं पुरेल.

पहिला मसुदा सहा हजार कॅरेक्टरच्या पुढे गेला तरी घाबरू नका. कापायला बसाल तेव्हा आधी विशेषणं जातील, मग ‘मला असं वाटतं की’, मग दुसऱ्या उत्तरात येऊन गेलेली गोष्ट. तिन्ही उत्तरं वाचक एकत्रच वाचतो, त्यामुळे एकच अनुभव दोनदा सांगायची गरज नाही. शेवटी दोन चांगल्या उदाहरणांतून एक निवडावं लागेल. ज्यात तुमचा विचार जास्त दिसतो ते ठेवा, ज्यात बक्षीस मोठं आहे ते नव्हे.

मसुदा वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि शेवटी यूकॅसच्या चौकटीत चिकटवा. तिथे ठळक किंवा तिरपी अक्षरं चालत नाहीत. कॅरेक्टरची मोजणी यूकॅसच्या चौकटीत दिसते तीच खरी माना.

नमुने, एजंट आणि एआय

यूकॅस आलेलं प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या स्टेटमेंटशी ताडून पाहतं. फार साम्य आढळलं तर विद्यापीठांना कळवलं जातं. ही तपासणी सुरू झाली त्या सुमारास, 2007 मध्ये, वैद्यकीय शाखेच्या शेकडो अर्जांत एकच आठवण सापडली होती: आठव्या वर्षी रसायनांचा प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं. इतक्या मुलांचे पायजमे जळले नव्हते, सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून नमुना उचलला होता.

अर्ज पाठवताना तुम्ही हेही जाहीर करता की हे लिखाण तुमचं आहे, कुठून उतरवलेलं नाही आणि एआयकडून तयार करून घेतलेलं नाही. स्पेलिंग तपासायला, कुठे कापता येईल हे विचारायला मदत घेणं वेगळं, आणि पूर्ण उत्तर लिहून घेणं वेगळं. यातला फरक मुलांना चांगला समजतो. पालकांनीही समजून घ्यावा, कारण ‘पैसे भरलेत ना, मग लिहून देऊ देत’ हा आग्रह बऱ्याचदा घरातून येतो. एजंटनं फॉर्म भरायला, कागदपत्रं लावायला जरूर मदत करावी. स्टेटमेंटला त्यानं हात लावू नये असं मला ठामपणे वाटतं.

कुणाला दाखवायचं

दोघांना, फार तर तिघांना. एक तुमच्या विषयाचे शिक्षक: त्यात शास्त्राची चूक नाही ना, हे तेच सांगू शकतील. दुसरं, तुम्हाला चांगलं ओळखणारं पण विषय न कळणारं कुणीतरी. त्या व्यक्तीला एकच विचारा, ‘हे वाचून मीच डोळ्यांसमोर येते का?’ आईबाबांनी वाचावं, तथ्यं तपासावीत, आणि वाक्यं मुलांवर सोडावीत. सात जणांना दाखवलं की सातही जण एकेक खास वाक्य काढून टाकायला सांगतात आणि मागे पुन्हा तोच गुळगुळीत मसुदा उरतो.

शिफारस लिहिणाऱ्या शिक्षकांना हा मसुदा वेळेत द्या. ज्युनियर कॉलेजांत अनेक शिक्षकांना यूकॅसची पद्धत माहीत नसते. त्यांना काय लिहायचं आहे ते नीट समजावून सांगा, आणि तुमच्या आजारपणाचा किंवा घरच्या अडचणीचा अभ्यासावर परिणाम झाला असेल तर तो त्यांच्या शिफारशीत येऊ द्या. मग तुमच्या 4000 कॅरेक्टरमध्ये विषयासाठी जागा मोकळी राहते. नातेवाइकांची शिफारस चालत नाही, मग ते स्वतः प्राध्यापक असले तरी.

तारखा

ऑक्सफर्ड, केंब्रिज (दोन्हींपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो) आणि बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यक, पशुवैद्यक अभ्यासक्रमांसाठी मुदत 15 ऑक्टोबरची, ब्रिटनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाची, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. बाकी बहुतेक अभ्यासक्रमांची मुख्य मुदत जानेवारीच्या मध्यात येते. तेव्हा तिकडची घड्याळं मागे गेलेली असतात, त्यामुळे सहा म्हणजे आपले साडेअकरा. अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीपासून पाठवता येतो. वही मे-जूनमध्ये सुरू करा, इंग्रजी मसुदा जुलैत, गणपतीच्या आधी शिक्षकांच्या हातात. दिवाळीनंतर बारावीची सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकं सुरू झाली की डोकं या कामाला लागत नाही.

पाठवल्यावर स्टेटमेंट बदलता येत नाही. म्हणून पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. वाचताना जिथे अडखळाल ते वाक्य मोडा. पाठवलेल्या मजकुराची प्रत आणि ती वही, दोन्ही जपून ठेवा. मुलाखत घेणारी विद्यापीठं स्टेटमेंटमधल्या कुठल्याही ओळीवरून प्रश्न सुरू करू शकतात. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक वाक्यासमोर ‘यावर काय विचारतील?’ असं लिहून उत्तरं तोंडी देऊन पाहा. जतच्या त्या मुलीला विचारतील: दोन विहिरींतल्या फरकाचं कारण मुरूमच आहे हे कशावरून, बांधापलीकडे उपसा कमी असेल तर? तिनं त्यावर आधीच विचार केलेला असावा, आणि नसेल तर तिथेच मोठ्यानं विचार करायची तयारी असावी.